पाखरांच्या वाट्याचे पाणी
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळविली त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी खट्टू होऊ नये. मला स्वतःला शाळेत कधी बक्षीस मिळाले नव्हते, आणि तरीही आज मला पाहुणा म्हणून बोलावण्यात आले आहे!

संस्थेच्या चिटणीसांनी विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविले. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य घालविलेला माणूस. पाण्याशिवाय दुसरे काही मला बोलता येत नाही. तेव्हा आज पाण्याविषयीच बोलणार आहे. परंतु आपल्याकडच्या नव्हे, हजारो मैल दूरच्या एका नदीच्या पाण्याविषयी आणि त्यावर जगणाऱ्या पाखरांविषयी. 'त्या पाखरांशी आमचा काय संबंध?' असा प्रश्न आपल्या मनात येईल. थोडा धीर धरावा. संबंध आहे, आणि तो शेवटी सांगतो.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो माझ्या नातीने. ती नववीत शिकते. एके दिवशी नकाशाची वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "नाना, नकाशात ही कोलोरॅडो नदीची निळी रेघ थेट समुद्रापर्यंत गेलीय. आणि पुस्तकात लिहिलंय की ही नदी समुद्राला पोचतच नाही. मग खरं काय?"

मी सांगितले, "बेटा, दोन्ही खरं आहे. नकाशाने नदीची वाट दाखवलीय, आणि पुस्तकाने त्या वाटेवर पाणी आहे का ते सांगितलंय."

उत्तर तर दिले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही, तेही पुढे सांगेन.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाच्या उंच पर्वतरांगा आहेत. त्यांच्यावर हिवाळ्यात जे बर्फ पडते ते वसंतात वितळते आणि त्यातून कोलोरॅडो नदी वाहू लागते. तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. अमेरिकेच्या सात राज्यांचे पाणी गोळा करीत, रखरखीत पठारे आणि वाळवंट कापीत ती मेक्सिको देशात शिरते आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. निदान पूर्वी तरी मिळत असे. तिच्या खालच्या टप्प्यात वर्षाकाठी पाऊस इतका थोडा पडतो की आपल्या माण-खटावच्या दुष्काळी गावालाही तो भाग्यवान वाटावा असा नाही. अशा प्रदेशात नदी म्हणजे सर्वस्व. दोन्ही बाजूंना वाळू आणि खडक, आणि मधोमध हिरव्या झाडीचा एक पट्टा.

हा पट्टा पाखरांच्या दृष्टीने काय आहे? बंधूंनो, आपण रात्रीच्या प्रवासाला निघतो तेव्हा वाटेत एखादी सराई, एखादे चहाचे दुकान असले म्हणजे जीव भांड्यात पडतो. उत्तर अमेरिकेतील लक्षावधी पाखरे दर वर्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि वसंतात परत उत्तरेकडे जातात. मध्ये वाळवंट. त्या वाळवंटात ही नदी म्हणजे त्यांची सराई होय. येथे उतरायचे, किडे-अळ्या खायच्या, अंगात चरबी साठवायची आणि पुढचा टप्पा गाठायचा. शास्त्रज्ञांनी अलीकडे हिशेब केला तेव्हा असे आढळले की नुसत्या कोलोरॅडोच्या त्रिभुज प्रदेशातून वसंतात सुमारे १ कोटी ७० लाख आणि शरदात सुमारे १ कोटी ४० लाख जमिनीवरची पाखरे जातात. आणि हा आकडा नदी जवळजवळ कोरडी पडल्यानंतरचा आहे! पूर्वी काय असेल याची आपण कल्पनाच करावी.

काही पाखरे तर येथे केवळ उतरत नाहीत, येथेच घर करतात. त्यांतील तिघांची ओळख करून देतो.

पहिला युमा रेल. हा आपल्या पाणकोंबडीच्या गोतावळ्यातला पक्षी. लांब चोच, लांब पाय, अंगाने चपटा. पाणकणिसाच्या दाट रानात असा सरसर पळतो की दिसणे कठीण. त्याला उथळ पाण्याची दलदल लागते. दलदल गेली की तो गेला.

दुसरा विलो फ्लायकॅचर. चिमणीएवढा, मळकट हिरवट रंगाचा पक्षी. विलो म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या वाळुंजाची जात. पाण्याजवळच्या दाट झाडीत हा घरटे बांधतो आणि उडता किडा हवेतच टिपतो.

तिसरा पिवळ्या चोचीचा कुक्कू. हा कोकिळेच्या कुळातला. परंतु आपल्या कोकिळेसारखे दुसऱ्याच्या घरी अंडे न टाकता बहुधा स्वतःचे घरटे स्वतः बांधतो. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून हा उन्हाळ्यात येथे येतो. त्याला उंच कॉटनवूडची आणि विलोची सलग राई हवी. चार झाडे असून भागत नाही.

युमा रेल १९६७ साली, फ्लायकॅचरची ही दक्षिणेकडची जात १९९५ साली आणि हा पश्चिमेकडचा कुक्कू २०१४ साली अमेरिकन सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. तिघांच्याही दुखण्याचे मूळ एकच. नदीचे पाणी गेले.

ते कोठे गेले? चोरीला गेले नाही. कायदेशीर वाटणी होऊन गेले.

१९२२ साली सात राज्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी नदी वाटून घेतली. अमेरिकेत पाणी एकर-फुटात मोजतात. आपल्याला समजावे म्हणून मी त्याचे टीएमसी केले आहेत. आपले कोयनेचे धरण सुमारे १०५ टीएमसीचे, हे लक्षात ठेवून ऐकावे. वरच्या राज्यांना वर्षाला सुमारे ३२७ टीएमसी, खालच्या राज्यांना तेवढेच. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला सुमारे ६५ टीएमसी. अशी सुमारे ७२० टीएमसीची वाटणी कागदावर झाली. गंमत अशी की ज्या वर्षांची मोजमापे समोर ठेवून ही वाटणी झाली ती वर्षे नेमकी भरपूर पाण्याची होती. नदीत एवढे पाणी कायमचे कधी नव्हतेच. २००० सालापासून तर तेथे दीर्घ दुष्काळ चालू झाला आणि नदीचे सरासरी पाणी साडेपाचशे टीएमसीच्याही आत आले. ज्या बापाची जमीन वीस एकर त्याने पोरांच्या नावावर सत्तावीस एकर लिहून द्यावी, तसा हा व्यवहार झाला. त्यात भांडणे होणारच.

परंतु माझ्या मनाला लागली ती गोष्ट निराळी. त्या वाटणीत शेतकरी होते, शहरे होती, राज्ये होती, पुढे शेजारचा देशही आला. नदी मात्र नव्हती. नदीत वाहण्यासाठी, समुद्राला पोचण्यासाठी, पाणकणिसासाठी आणि पाखरांसाठी किती पाणी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तेथील आदिवासी टोळ्यांनाही त्या बैठकीला बोलावले नव्हते. नदीच्या मुखाशी शेकडो वर्षे कुकापा नावाचे लोक राहतात. त्यांच्या नावाचा अर्थच मुळी नदीचे लोक. त्यांची मासेमारी, त्यांची शेती पुराच्या पाण्यावर चाले. त्यांना कोणी विचारले नाही, तेथे पाखरांना कोण विचारतो!

योगायोग असा की त्याच १९२२ सालच्या शरदात आल्डो लिओपोल्ड नावाचा एक वनाधिकारी आपल्या भावाबरोबर लहानशी होडी घेऊन या त्रिभुज प्रदेशात हिंडला. सुमारे ८ हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख. आपले दोन लहान जिल्हे मावतील एवढा. त्यात शेकडो हिरवी तळी, बगळे, पाणकावळे, बदके, हंस. त्याने पुढे या प्रवासावर जो लेख लिहिला तो १९४९ साली त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात आला आणि जगभर वाचला गेला. तो पुन्हा त्या ठिकाणी कधी गेला नाही. गेला असता तर त्याला काय दिसले असते?

१९३० नंतर हूव्हर धरण उभे राहिले. त्याचा जलाशय पूर्ण भरला तर त्यात कोयनेसारखी दहा धरणे रिकामी करता येतील. मागोमाग आणखी धरणे, आणखी कालवे. १९५० साली मेक्सिकोने सरहद्दीवर मोरेलोस बंधारा बांधला आणि आपल्या वाट्याचे पाणी मेहिकाली खोऱ्यातील शेतीकडे वळविले. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणाची दारे बंद झाली. त्यानंतर काही अतिवृष्टीची वर्षे सोडली तर कोलोरॅडो समुद्राला पोचेनाशी झाली. मोरेलोसच्या खाली नदीचे पात्र म्हणजे वाळूचा रस्ता. त्रिभुज प्रदेशातील दहातल्या नऊ हिश्श्यांहून अधिक पाणथळ नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. धरणे बांधणारे लोक दुष्ट नव्हते. मी स्वतः कालव्याच्या कामात आयुष्य घालविले आहे. धरणाने माणसाच्या ताटात भाकर येते हे मी जाणतो. चूक धरण बांधण्यात नव्हती. हिशेबात एक नाव लिहायचे राहून गेले, ही चूक होती.

आता या कथेचा दुसरा भाग सांगतो. तो आशेचा आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका भागात शेतीतून निचरा होणारे पाणी फार खारे. ते नदीत सोडले की मेक्सिकोच्या शेतकऱ्यांची पिके जळत. तंटा वाढला. १९७३ साली दोन्ही सरकारांत समझोता झाला आणि हे खारे पाणी वेगळ्या चरातून थेट त्रिभुज प्रदेशाच्या वाळवंटात नेऊन टाकण्याचे ठरले. १९७७ पासून ते पाणी तेथे पडू लागले. कोणाच्या कामाचे नाही, कोणाच्या हिशेबात नाही, असे टाकाऊ पाणी! परंतु निसर्गाला टाकाऊ हा शब्द ठाऊक नसतो. पाहता पाहता तेथे पाणकणीस उगवले आणि काही हजार हेक्टरांची दलदल तयार झाली. तिला सांता क्लाराची सिएनेगा म्हणतात. जो युमा रेल जगातून नाहीसा होण्याच्या वाटेवर होता, त्याची सर्वांत मोठी वस्ती आज याच दलदलीत आहे.

पुढे पेच आला. तेच खारे पाणी गोडे करून वापरावे म्हणून अमेरिकेने मोठा कारखाना बांधला. १९९२ साली तो तयार झाला, थोडे दिवस चालला आणि पुरामुळे कालव्यांचे नुकसान होऊन बंद पडला. कारखाना चालू झाला तर दलदल सुकणार, हे उघड होते. २०१० साली तो एक वर्ष प्रयोगादाखल चालवायचे ठरले, तेव्हा पाखरांच्या बाजूने बोलणारे लोक नुसत्या घोषणा देत बसले नाहीत. त्यांनी विचारले, दलदलीला किती पाणी कमी पडेल? आकडा निघाला. मग तेवढे पाणी तिघांनी, म्हणजे अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्थांनी, एकेक तृतीयांश द्यावे असे ठरले. दिलेही. दलदल वाचली. मुलांनो, हे लक्षात घ्या. येथे पाखरे वाचविली ती दयेने नव्हे, गणिताने.

त्याच वर्षी, २०१० च्या एप्रिलमध्ये, मेहिकाली खोऱ्यात मोठा भूकंप झाला आणि मेक्सिकोचे कालवे फुटले. आलेले पाणी शेतापर्यंत नेता येईना. तेव्हा मेक्सिकोने विनंती केली की आमचे पाणी तूर्त तुमच्या धरणात ठेवा. अमेरिकेने मान्य केले. शेजाऱ्याची चीजवस्तू अडचणीच्या वेळी सांभाळली म्हणजे विश्वास वाढतो. तसाच येथेही वाढला. त्या विश्वासातून नोव्हेंबर २०१२ मध्ये नवा करार झाला, आणि त्यात पहिल्यांदाच एक गोष्ट लिहिली गेली. दोन देशांनी मिळून काही पाणी नदीसाठी सोडायचे. शेताला नाही, शहराला नाही, नदीला!

२३ मार्च २०१४ रोजी मोरेलोस बंधाऱ्याची दारे उघडली आणि आठ आठवडे पाणी सोडण्यात आले. किती? सुमारे साडेचार टीएमसी. नदीच्या वर्षभराच्या पाण्याचा शंभरावा भागसुद्धा नव्हे.

मार्च-एप्रिलच का निवडला, हेही समजून घेण्यासारखे आहे. कॉटनवूड आणि विलोचे बी कापसासारखे उडते आणि थोडेच आठवडे जिवंत राहते. त्याला त्या दिवसांत ओली, मोकळी गाळाची जमीन मिळाली तरच रुजते. मग पाणी एकदम न आटता हळूहळू खाली गेले पाहिजे, म्हणजे कोवळी मुळे त्याच्या मागोमाग खाली जातात. पूर्वी बर्फ वितळून येणारा वसंतातला पूर हेच काम करी. शास्त्रज्ञांनी त्या पुराची नक्कल केली. पाणी तर हवेच, पण वेळेवर हवे. हे आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ज्वारी पोटरीत असताना चुकलेली पाणीपाळी मागून दुप्पट दिली तरी काय उपयोग?

सान लुईस रिओ कोलोराडो नावाचे एक गाव त्या कोरड्या पात्राच्या काठी आहे. गावाच्या नावात नदी, पण पात्रात वाळू. पाणी येत आहे अशी बातमी पसरली तशी माणसे पात्रात उतरली. म्हाताऱ्यांनी तरुणपणी पाहिलेली नदी पुन्हा पाहिली आणि मुलांनी जन्मात पहिल्यांदा. मुले पाण्यात खेळली, गाणीबजावणी झाली, गावाला जत्रेचे रूप आले. बहुतेक पाणी पहिल्या साठेक किलोमीटरातच वाळूने पिऊन टाकले. तरीही मे महिन्याच्या मध्याला नदीची एक बारीक धार समुद्राच्या भरतीला जाऊन भिडली.

परिणाम काय झाला? खरे ते सांगितले पाहिजे. त्या वर्षी पट्टा हिरवा झाला. पाखरांची संख्या आणि जाती, दोन्ही वाढल्या. परंतु पुन्हा पाणी आले नाही तेव्हा ती हिरवळ ओसरू लागली. जेथे अगोदर जमीन साफ करून, हलकी नांगरून, स्थानिक झाडे लावून ठेवली होती आणि मागाहूनही थोडे थोडे पाणी मिळत राहिले, तेथे मात्र राई उभी राहिली. धडा असा की एकदाच ओंजळभर ओतण्यापेक्षा नेमाने चमचाभर द्यावे. सप्टेंबर २०१७ मध्ये पुढचा करार झाला तो हा धडा शिकूनच. नऊ वर्षांत, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत, सुमारे ९ टीएमसी पाणी नदीसाठी. पुन्हा तिघांचा सारखा वाटा. २०२१ साली मे ते ऑक्टोबर असे सुमारे दीड टीएमसी पाणी दिले, ते वरून सोडून वाळूला न पाजता शेतीच्याच कालव्यांतून खालच्या ठिकाणी नेऊन. मेहिकाली शहराचे सांडपाणी शुद्ध करून त्याचाही एक हिस्सा तेथील एका उपनदीला दिला जातो. काही शेतकऱ्यांनी आपल्या पाण्याचे हक्क राजीखुशीने, मोबदला घेऊन दिले.

वरच्या अंगाला अमेरिकेतही काम चालू आहे. २००५ साली तेथे खालच्या कोलोरॅडोसाठी ५० वर्षांची योजना सुरू झाली. पाणी आणि वीज वापरणाऱ्यांनीही खर्चाचा वाटा उचलायचा, आणि ८ हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर राई, मेस्किट, दलदल आणि डोह पुन्हा निर्माण करून सांभाळायचे. ही मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची जवळची बहीण. ती तेथली मूळ रहिवासी, म्हणून तेथे गुणी. येथे परकी येऊन माजली. उलट आपल्या बाजूच्या जगातला झाऊ तेथे वारा अडवायला आणि काठ धरून ठेवायला म्हणून नेला, आणि त्याने तेथे नदीचे काठ बळकावले. मग त्याची पाने खाणारा किडा मुद्दाम सोडण्यात आला. परंतु तोपर्यंत विलो मिळेना म्हणून बिचारा फ्लायकॅचर झाऊतच घरटी बांधू लागला होता! किड्याने पाने खाल्ली आणि पिले उन्हात उघडी पडण्याची वेळ आली. शेवटी २०१० साली सरकारला तो कार्यक्रम थांबवावा लागला. घर पाडण्यापूर्वी आत कोण राहतो ते पाहावे, आणि त्याच्यासाठी दुसरे घर उभारावे, हा यातील बोध.

आता आपणांपैकी एखादा शेतकरी पालक उठून म्हणेल, "साहेब, माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पाखरांना पाणी द्या म्हणता?" हा प्रश्न रास्त आहे. मी त्याला हसणार नाही. कोलोरॅडोच्या काठीही तो विचारला गेला. २०२१ साली तेथे पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि शेतकऱ्यांचे पाणी कापले गेले. माझे उत्तर एवढेच आहे, की शंभर भागांतला एखादा भाग नदीला दिल्याने माणूस तहानेने मरत नाही. परंतु शंभरच्या शंभर भाग घेतले तर नदी नक्की मरते. आणि नदी मेली म्हणजे तिच्या काठची विहीर, मासळी, चारा आणि सावलीही जाते. पाखरू केवळ ती बातमी सर्वांच्या आधी आणते.

माझी झोप का उडाली, ते आता सांगतो.

माझ्या नोकरीच्या काळात मी पाण्याच्या नोंदवह्या लिहीत असे. कोणत्या आवर्तनात कोणत्या वितरिकेला किती पाणी, ऊस किती, ज्वारी किती, गावाच्या पाणीपुरवठ्याला किती. एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही, याचा मला अभिमान होता. एका दुष्काळी उन्हाळ्यात बंधाऱ्याखालचा डोह आटला. दर वर्षी तेथे चित्रबलाक, चमचे, बगळे उतरत. त्या वर्षी कोणी उतरले नाही. तेथे जाळे टाकणारा एक म्हातारा भोई माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, समद्यांना पानी लिवलंसा. नदीला किती लिवलंय?"

मी वही उघडून दाखविली. म्हणालो, "बाबा, नदीचा रकानाच नाही यात."

तो काही बोलला नाही. वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि निघून गेला. त्याला अक्षर येत नव्हते. पण माझ्या चोख वहीतली चूक त्याने दाखविली होती. तो रकाना आखणे माझ्या हातात नव्हते, हे खरे. परंतु वर एक टिपण तरी मी पाठवू शकत होतो. पाठविले नाही. नातीने नकाशा दाखविला तेव्हा मला तो म्हातारा आठवला.

पालक बंधु-भगिनींनो, म्हणून हा विषय घेतला. तुमची मुले उद्या अभियंते होतील, तहसीलदार होतील, शेतकरी होतील, ग्रामपंचायतीत बसतील. कोठेतरी एखादी वही त्यांच्या हाती येईल. त्या वहीत कोणाचे नाव राहून गेले आहे, हे पाहण्याची नजर शिक्षणाने दिली पाहिजे. नुसती बेरीज बरोबर येणे म्हणजे शिक्षण नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ही नजर मोजण्यापासून सुरू होते. आपल्या देशात पाखरे मोजायला आणि ओळखायला ज्यांनी शिकविले ते डॉ. सलीम अली १८९६ साली मुंबईत जन्मले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्या मुलाला पडला. मामांची चिठ्ठी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि त्या एका प्रश्नातून पुढचे सगळे आयुष्य घडले. पदवीचा डोंगर पाठीशी नव्हता. प्रश्न होता आणि वहीत नोंद करण्याची सवय होती. पाखरांच्या महत्त्वाच्या ठिकाणांची जी यादी जगभर केली जाते, तीत कोलोरॅडोच्या काठची ठिकाणे आहेत, आणि आपल्या देशातील ठिकाणांची यादी करण्यात याच सोसायटीचा पुढाकार होता. त्या यादीत नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे ती पाणथळ तयार झाली, आणि २०२० च्या जानेवारीत ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणजे सांता क्लाराच्या दलदलीप्रमाणे हीसुद्धा माणसाच्या हातून नकळत घडलेली देणगीच. नकळत मिळाले ते जाणून राखणे, एवढेच आपल्याकडे उरते.

तेव्हा जाता जाता एक काम सांगतो. पैसा लागत नाही. आपल्या गावाजवळचा एक डोह, एक तळे किंवा नदीचे एक वळण निवडा. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेला आणि त्याच वेळी तेथे जा. किती पाणी आहे, कोणती पाखरे आहेत, किती आहेत, हे एका वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. गुरुजींना, कोळ्याला, गुराख्याला विचारा. आज कोलोरॅडोच्या काठी जे पाणी सोडले जाते ते याच प्रकारच्या वह्यांच्या आधारावर. पाखरे कमी झाली असे नुसते म्हणणाऱ्याचे कोणी ऐकले नसते. किती कमी झाली, केव्हापासून आणि किती पाण्याने परत येतील, हे सांगणाऱ्यांचे दोन सरकारांना ऐकावे लागले.

माझ्या नातीने अशी वही केली आहे. पहिल्या पानावर तिने रकाने आखले. तारीख, वेळ, पाखराचे नाव, संख्या. मी चष्मा लावून पाहिले, तर शेवटी आणखी एक रकाना होता. त्यावर लिहिले होते, 'नदीत आज पाणी किती?'

चौतीस वर्षांत जो रकाना मला आखता आला नाही, तो नववीतल्या मुलीने पट्टी घेऊन दोन मिनिटांत आखला. तुम्हीही आखा, एवढेच मागणे मागतो आणि आपली रजा घेतो.